ब्लीड दिलंय, तरी कापल्यावर वर-खाली पांढरी रेघ. स्मरणिका अडली आहे, मदत हवी

रंकाळाकाठ :
नमस्कार मंडळी. आमच्या पेठेतल्या वाचनालयाची स्मरणिका मी लावतेय. ए५ आकार, आत ६४ पानं, वर चार पानी कव्हर, सेंटर पिन. सगळं रंगीत. प्रत्येक पानाच्या बाहेरच्या बाजूला एक विटकरी पट्टी आहे, ती थेट कडेपर्यंत जाते. शिवाय नऊ पानांवर पानभर जुने फोटो.

आज लक्ष्मीपुरीतल्या प्रेसमधून नमुना प्रत मिळाली, कापून, पिना मारून. फोटोंच्या पानांवर वर आणि खाली पांढरी रेघ दिसतेय. केसाएवढी नाही, चांगली मिलिमीटरभर. प्रेसवाले म्हणाले, "ताई, तुमच्या फाईलला ब्लीडच नाही." (ब्लीड म्हणजे कापायच्या रेषेबाहेर नेलेला जास्तीचा रंग.) पण ब्लीड आहे हो! इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) चारही बाजूंना ३ मिमी दिलंय, फोटो लाल रेषेपर्यंत ओढलेत, एक्स्पोर्ट करताना 'यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज'वर टिक केली आहे. माझ्याकडच्या पीडीएफमध्ये पानाचा आकार १५४ × २१६ मिमी दिसतो. म्हणजे १४८ अधिक ६ आणि २१० अधिक ६, बरोबर ना?

त्यांच्या स्क्रीनवर मात्र तीच फाईल १४८ × २१० दिसली. मी शेजारी उभी राहून बघितलं. शनिवारी फाईल पक्की करायची आहे. हे फोटो लोकांनी घरच्या अल्बममधून, कोपरे सोडवून काढून दिलेत. त्यातली बरीच माणसं आता नाहीत. त्यामुळं 'चालतंय की' म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही.

खिळेजुळणी :
ताई, आधी एक सांगा. रेघ सगळ्या पानांवर सारखीच आहे की कुठं जाड, कुठं बारीक? आणि वर आहे तेवढीच खाली आहे का? कटिंग सरकलं असेल तर एका बाजूला रेघ दिसते आणि समोरच्या बाजूला तेवढंच जास्त कापलं जातं. दोन्ही बाजूंना सारखी रेघ असेल तर ते सुरीचं काम नव्हे. दोष आधीच कागदावर छापून आलेला आहे.

रंकाळाकाठ :
काका, मोजपट्टी लावून बघितली. नऊच्या नऊ पानांवर वर साधारण १ मिमी, खालीही तेवढीच. बाजूंना रेघ नाही. एका पानावर उजवीकडं अगदी पुसट दिसते, पण ती त्या एकाच पानावर.

खिळेजुळणी :
मग कटिंगवाल्याला बोल लावू नका. फाईलच तशी गेलेली आहे.

सीटीपी_उद्यमनगर :
ताई, मी छपाईच्या प्लेटा काढतो, रोज असल्या पाच-सहा फाईली येतात. एक्स्पोर्ट केल्यापासून प्रेसमध्ये पोचेपर्यंत त्या फाईलचं काय काय झालं, ते क्रमानं लिहा. मेल केली? कुठं बारीक केली? कव्हर जोडलं? काहीही सोडू नका.

रंकाळाकाठ :
एक्स्पोर्ट झालेली फाईल १३८ एमबीची होती. मेलला २५ एमबीच्या वर जात नाही. म्हणून ती पीडीएफ उघडली, प्रिंटमध्ये गेले, प्रिंटरच्या जागी 'प्रिंट टू पीडीएफ' निवडलं, कागद ए५ घेतला. २१ एमबी झाली. तीच पाठवली. उघडून बघितली तेव्हा सगळी पानं नीट दिसत होती.

सीटीपी_उद्यमनगर :
सापडलं बघा. इथंच झालंय.

तुमची पहिली फाईल एकदम बरोबर होती. प्रिंट टू पीडीएफ ही फाईल बारीक करायची सोय नाही. तो एक खोटा प्रिंटर आहे. त्याला तुम्ही ए५ कागद दिला, म्हणजे १४८ × २१०. तुमचं पान त्याहून मोठं, १५४ × २१६. प्रिंटच्या खिडकीत सहसा 'फिट' निवडलेलं असतं, त्यामुळं त्यानं मोठं पान लहान कागदावर बसवायला आकसून घेतलं.

आता हिशेब करा. रुंदीसाठी १४८ भागिले १५४, म्हणजे ०.९६१. उंचीसाठी २१० भागिले २१६, म्हणजे ०.९७२. पान वेडंवाकडं होऊ नये म्हणून तो दोन्हीतला लहान आकडा दोन्हीकडं लावतो. रुंदी नेमकी १४८ झाली, म्हणून बाजूंना रेघ नाही. उंची झाली २१६ गुणिले ०.९६१, म्हणजे २०७.६. कागद २१० चा. उरले २.४ मिमी, पान मधोमध बसलं म्हणून वर १.२ आणि खाली १.२. ही तुमची मिलिमीटरभर रेघ.

बाजूंची जी कडा तुम्हाला शाबूत दिसतेय ती खरं तर तुमच्या ब्लीडची कडा आहे. जे कापून फेकायचं होतं तेच आता पानात शिरलंय, आणि त्याच्या पलीकडं काही नाही. सुरी अर्धा मिलिमीटर हलली की तिथंही पांढरं दिसणार. उजवीकडच्या त्या एका पुसट रेघेचं कारण हेच.

खात्री करायची असेल तर जिचं माप तुम्हाला पक्कं माहीत आहे अशी एखादी चौकट नमुन्यावर मोजा.

रंकाळाकाठ :
पान ४१ वर अर्ध्या पानाची जाहिरात आहे. तिची चौकट मी स्वतः १०० मिमी रुंद केलेली. आत्ता मोजपट्टी लावली. ९६ भरली.

मजकूर ११ पॉइंटचा ठेवला होता. वाचनालयात येणारे निम्मे वाचक सत्तरीच्या पुढचे, म्हणून मुद्दाम मोठा घेतला होता. तोही साडेदहाच्या आसपास आला असणार. नमुना हातात घेतल्यावर अक्षर बारीक वाटलं होतं, पण कागदामुळं वाटत असेल म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

पत्रिकावाला_इचल :
मधे विचारतो, माफ करा. 'फिट'च्या जागी 'अ‍ॅक्च्युअल साइझ' घेतलं असतं तर वाचलं असतं का?

सीटीपी_उद्यमनगर :
नाही भावा. आकार जसाच्या तसा राहिला असता, पण ए५ च्या बाहेरचं सगळं छाटलं गेलं असतं. म्हणजे ब्लीडच गेलं असतं. आणि १५४ × २१६ चा कागद मुद्दाम बनवून दिला असता, तरी मला प्लेट काढताना पान १५४ × २१६ चंच वाटलं असतं. कुठं कापायचं ही खूण त्या फाईलमध्ये उरतच नाही.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मी भांडणं इथंच होतात. पीडीएफच्या प्रत्येक पानाला आतून पाच चौकटी असू शकतात. मीडियाबॉक्स म्हणजे पूर्ण कागद. क्रॉपबॉक्स म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग. ब्लीडबॉक्स म्हणजे रंग कुठपर्यंत नेलाय ती हद्द. ट्रिमबॉक्स म्हणजे कापल्यावर राहणारं पान. पाचवा आर्टबॉक्स, आपल्या कामात तो लागत नाही. फर्म्यात (मोठ्या कागदावर एकत्र) पानं लावणारं सॉफ्टवेअर ट्रिमबॉक्स बघून पान बसवतं आणि ब्लीड बाहेर सोडतं. ट्रिमबॉक्स नसला की ते क्रॉपबॉक्स धरतं, तोही नसला की अख्खा कागद हेच पान समजतं. डोळ्यांना दोन्ही फाईली सारख्याच दिसतात. म्हणून 'उघडून बघितली, नीट होती' यावर विसंबायचं नाही.

अ‍ॅक्रोबॅटमध्ये प्रेफरन्सेसमधल्या पेज डिस्प्लेमध्ये आर्ट, ट्रिम आणि ब्लीड बॉक्स दाखवायची टिक आहे. ती लावली की पानावर चौकटींच्या रेषा दिसतात. प्रो असेल तर 'सेट पेज बॉक्सेस'मध्ये आकडेच वाचता येतात. पैसे घालायचे नसतील तर पॉपलर नावाच्या मोफत संचात पीडीएफइन्फो आहे. त्याला बॉक्सचा पर्याय जोडला की पाचही चौकटी पॉइंटमध्ये लिहून देतो. १ इंच म्हणजे ७२ पॉइंट, म्हणून ३ मिमी म्हणजे ८.५ पॉइंट.

तुमच्या मूळ फाईलमध्ये मीडियाबॉक्स ४३६.५ × ६१२.३ असला पाहिजे. ट्रिमबॉक्स ८.५, ८.५ पासून सुरू होऊन ४२८, ६०३.८ ला संपला पाहिजे. प्रेसला गेलेल्या फाईलमध्ये पाचही चौकटी सारख्याच निघतील, ४१९.५ × ५९५.३. दोन्ही तपासा आणि इथं टाका.

आणखी एक. असं पुन्हा प्रिंट केलं की बहुतेक वेळा रंगही आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत) जातात. तुमचा काळा मजकूर एका काळ्या शाईत असायला हवा, तो चारही रंगांत फुटतो. नमुन्यात अक्षरांच्या कडेला भिंगातून रंगीत झाक दिसते का बघा.

रंकाळाकाठ :
दोन्ही तपासल्या. दादा, आकडे तुम्ही लिहिलेत तेच आले. मूळ फाईलमध्ये ट्रिमबॉक्स वेगळा आहे. पाठवलेल्या फाईलमध्ये पाचही ओळी एकसारख्या.

आणि हो, भिंगातून अक्षराला निळसर-गुलाबी कड दिसतेय. उद्या सकाळी पहिल्यांदा प्रेसमध्ये जाऊन सांगणार आहे की चूक तुमची नव्हती. काल मी जरा आवाज चढवला होता.

कव्हरवाली :
ताई, मूळ फाईल तशीच पेन ड्राइव्हवर घालून न्या. लक्ष्मीपुरी काय लांब आहे! तरी १३८ एमबी जास्त वाटत असेल तर ती एक्स्पोर्टमध्येच कमी करायची, बाहेर येऊन नाही. कॉम्प्रेशनमध्ये रंगीत फोटो ३०० पीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) आणा. जुन्या फोटोंचं स्कॅनिंग बहुतेक ६०० ला केलेलं असेल, तिथंच वजन आहे.

प्रीसेट (एक्स्पोर्टची तयार सेटिंग) शक्यतो पीडीएफ/एक्स-४ घ्या, ती छपाईसाठीची पीडीएफ. प्रेसचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर ते एक्स-१ए मागतील, मग ते. पीडीएफ/एक्सचा नियमच आहे की ट्रिमबॉक्स किंवा आर्टबॉक्स असलाच पाहिजे, त्यामुळं तेवढी काळजी मिटते. पण एक खड्डा आहे, मी त्यात पडलेय. प्रीसेट बदललं की 'मार्क्स अँड ब्लीड्स'मधली टिक निघून जाते. आपण आधी टिक केलेली असते, मग आठवतं की एक्स-४ घ्यायचं राहिलं, ते निवडतो, एक्स्पोर्ट दाबतो. ट्रिमबॉक्स असतो, ब्लीड शून्य. म्हणून आधी प्रीसेट, मग टिक. आणि दर वेळी खाली समरीत ब्लीडचा आकडा वाचायचा.

क्रॉप मार्क्स (कापायच्या खुणा) हवे असतील तर ऑफसेटही, म्हणजे खुणेचं पानापासूनचं अंतर, बदला. इनडिझाइन तिथं आपणहून २.११७ मिमी ठेवतं. आपलं ब्लीड ३ मिमीचं. म्हणजे खुणेच्या रेघा ब्लीडमध्ये जवळजवळ एक मिलिमीटर घुसतात, आणि कटिंग दोनेक मिलिमीटर बाहेर गेलं की कोपऱ्यात काळं टोक राहतं. ऑफसेट ३ किंवा त्याहून जास्त ठेवा.

पत्रिकावाला_इचल :
माझं सगळं कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं. तिथं पब्लिश टू पीडीएफच्या सेटिंगमध्ये प्रीप्रेसच्या पानावर ब्लीड लिमिट आहे, मी ३ देतो. तरी परवा एका पत्रिकेला तीन बाजूंना ब्लीड आलं, चौथ्या बाजूला नाही. अजून कळलं नाही का ते.

कव्हरवाली :
मागची डिझाइन पॉवरक्लिपमध्ये (चौकटीत चित्र बसवायची सोय) आहे का? असेल तर क्लिपची चौकट बघा, चित्र नाही. चित्र आत कितीही मोठं असलं तरी चौकट जिथं संपते तिथं रंग संपतो. चौकटीची एक बाजू पानाच्या कडेला चिकटून राहिली असणार. इनडिझाइनमध्ये याच्या उलट होतं, फ्रेम बाहेर ओढलेली असते आणि आतला फोटो मागं राहतो.

पत्रिकावाला_इचल :
तेच निघालं. चौकट खालच्या कडेला स्नॅप झालेली. धन्यवाद ताई, दोन दिवस शोधत होतो.

खिळेजुळणी :
आता या धाग्यावर थोडं जुनं बोलतो, उपयोगाचं आहे म्हणून. पुस्तकाचं काम करणाऱ्यांनी कागदाचा तावही विचारात घ्यावा. आपल्याकडं मराठी पुस्तकं बहुतेक डेमी अष्टमांश, साडेपाच बाय साडेआठ इंच. ती छापतात २३ × ३६ च्या डबल डेमी तावावर. तावाच्या एका अंगाला १६ पानं, म्हणजे एका पानाच्या वाट्याला ५.७५ × ९ इंच. रुंदीत फक्त पाव इंच उरतो, सव्वासहा मिलिमीटर. त्यातच समोरच्या बाजूचं ब्लीड, त्यातच परफेक्ट (गोंदाच्या) बाइंडिंगला कणा खरवडायचा, आणि मशिनच्या ग्रिपरला पकडायलाही जागा लागते. नुसता मजकूर असला की हे बसतं. कडेपर्यंत रंग न्यायचा म्हटलं की ताण पडतो. म्हणून पानभर रंगाचं पुस्तक असेल तर मांडणी सुरू करण्याआधीच प्रेसला विचारावं : ताव कोणता, आणि कापल्यावरचं माप किती. काही वेळा पानाची रुंदी दोन-तीन मिमी कमी करावी लागते. हे शेवटच्या दिवशी कळलं की सगळी पानं पुन्हा लावावी लागतात.

शिशाच्या खिळ्यांनी (सुट्या अक्षरांनी) छपाई व्हायची त्या काळात पानभर चित्र द्यायचं तर ब्लॉकच पानापेक्षा मोठा करून घ्यावा लागे. तत्त्व तेच आहे. सुरी जिथं पडणार, तिच्या पलीकडंही शाई असली पाहिजे.

बाइंडिंग_गंगावेश :
ताई, ब्लीडचं मिटलं, आता माझं ऐका. ६४ पानं सेंटर पिन म्हणजे मधोमध दुमडलेले १६ ताव (चार-चार पानांचे कागद) एकात एक. मधले ताव बाहेर सरकतात. आम्ही पुढची बाजू एकदाच कापतो, त्यामुळं मधल्या पानांचं जास्त जातं. किती जातं ते घरीच कळेल. छापायचा कागद आहे त्याचे १६ ताव न दुमडता एकावर एक दाबून धरा आणि जाडी मोजा. कागद ०.१ मिमीचा असला तर साधारण दीड मिलिमीटर भरेल. तेवढी मधली पानं अरुंद होणार.

तुमची पट्टी पुढच्याच कडेला आहे म्हणता. पहिल्या पानावर पट्टी १० मिमी दिसली तर मधे साडेआठ दिसेल. ते कुणाच्या लक्षात येत नाही. पण पट्टीत पानांचे आकडे घातलेत का? ते कडेपासून किती आत आहेत?

रंकाळाकाठ :
घातलेत. कडेपासून ४ मिमी.

बाइंडिंग_गंगावेश :
४ मधून दीड गेले, राहिले अडीच. वर चळत दाबली की सुरी वरच्या प्रतीत आणि तळाच्या प्रतीत थोडा फरक करतेच. शिवाय आपल्याकडच्या पावसात कागद दमट असला की तो आणखी हलतो. आकडा कडेला चिकटल्यासारखा दिसणार. निदान ७-८ मिमी आत घ्या. आणि प्रेसला विचारा, पानं लावताना क्रीप, म्हणजे या सरकण्याची सूट, सोडतात का. सोडत असतील तर ते मधली पानं थोडी थोडी आत ओढतात, मग पट्टीही सारखी राहते. नमुना प्रतीत पान ३२-३३ उघडून बघा, तिथं आत्ताच दिसेल.

रंकाळाकाठ :
बघितलं. पान ३ आणि पान ३३ शेजारी धरले. ३३ वरचा आकडा कडेच्या स्पष्ट जवळ आलाय. पट्टीची रुंदी वाढवून १४ करते आणि आकडे ८ मिमी आत घेते. मास्टर पेजवर (सगळ्या पानांच्या साच्यावर) आहे, फार वेळ लागणार नाही.

एक प्रश्न अजून राहिलाय, आणि तो मला सगळ्यात जास्त छळतोय. पान १६ वर वाचनालयाच्या दारातला जुना समूह फोटो आहे. अकरा जण, आणि डाव्या टोकाला उभे असलेले आजोबा सायकल धरून आहेत. सायकलचं पुढचं चाक फोटोच्या अगदी कडेला टेकलंय. मूळ प्रिंटच तेवढा आहे, पलीकडं काही नाही. फोटो ब्लीडपर्यंत न्यायचा म्हणजे १४८ चा १५४ करायचा, ४ टक्के मोठा. म्हणजे डावीकडचे ३ मिमी कापले जाणार. चाक अर्धवट तुटेल. त्यांच्या नातीनं फोटो देताना सांगितलं होतं की ही सायकल घेऊन ते गावोगाव पुस्तकं पोचवायचे.

कव्हरवाली :
फोटोशॉपमध्ये डावीकडं भिंत वाढवून घेता येईल. मागं साधी भिंत असेल तर कळणारही नाही.

खिळेजुळणी :
भिंत वाढवता येईल, पण जमीन, चाकाची सावली, हे सगळं बनवावं लागेल. स्मरणिका म्हणजे पुरावा असतो ताई. फोटोत जे नव्हतं ते त्यात घालू नये असं मला वाटतं. तुम्ही तो फोटो पानभर करूच नका. चारी बाजूंना १२ मिमी पांढरी जागा सोडा, आत फोटो अख्खा ठेवा, खाली सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडं. पानभर आठ फोटोंनंतर एकच फोटो चौकटीत आला की वाचक तिथं थांबून बघतो.

सीटीपी_उद्यमनगर :
काकांशी सहमत. आणि पांढरी जागा १२ म्हणजे १२ च ठेवा, ३-४ ठेवू नका. बारीक पांढरी किनार कटिंगमध्ये एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक होते आणि लगेच नजरेत भरते.

रंकाळाकाठ :
गुरुवार, संध्याकाळ. आत्ताच प्रेसमधून आले.

एक्स-४ प्रीसेट आधी, ब्लीडची टिक नंतर, मार्क्सचा ऑफसेट ४ मिमी. फोटो ३०० वर आणले, फाईल ५२ एमबीची झाली. पेन ड्राइव्हवर नेली. त्यांच्याच स्क्रीनवर चौकटी उघडून दाखवल्या. त्यांनी परवाचं काही मनात ठेवलं नव्हतं. चहा दिला, वर म्हणाले की हा हिशेब आम्हालाही लिहून द्या, भिंतीवर लावतो. क्रीप ते सोडतात, पण सांगितलं तरच. आता सांगितलंय.

नवा नमुना कापून मिळाला. फोटोंच्या आठही पानांवर चारी बाजूंना रंग कडेपर्यंत आहे. अक्षरांची रंगीत कड गेली. पान ३३ चा आकडा जागेवर आहे. जाहिरातीची चौकट १०० मिमी भरली.

पान १६ काकांनी सांगितलं तसं केलं. येताना ते पान घेऊन नातीकडं गेले होते. अकरा नावांपैकी दोन चुकलेली होती, ती तिनं सांगितली, आता दुरुस्त करतेय. सायकलचं चाक अख्खं आलंय.